जैनाबादच्या राउटरला फाईल कोणी दिली?

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. नेटवर्कचं काम करणाऱ्याला दोनच भुतं माहीत असतात – निघालेली केबल आणि चुकलेली सेटिंग. तरीही हे लिहितोय...

तेव्हा मी बुऱ्हाणपुरात एका छोट्या कंपनीत होतो. तापीपलीकडे, जैनाबादच्या एका दवाखान्याचा राउटर विजेने जळला होता. नवा, कोरा राउटर घेऊन सकाळी अकराला तिथे पोहोचलो. कोरा राउटर चालू केला की तो नेटवर्कवर विचारत सुटतो – माझी सेटिंगची फाईल कुणाकडे आहे? आमच्या ऑफिसातला सर्व्हर ती पाठवतो. पण त्याच सकाळी सर्व्हरची डिस्क गेली होती. दुरुस्तीला द्यायची म्हणून ती काढून मी बॅगेत टाकलेली. दुसरी कॉपी नव्हती... चूक माझीच. म्हटलं, आज राउटर भिंतीवर लावून ठेवू, बाकी उद्या.

दारातच बहादरपूरचा विनोद भेटला. केळीवाला शेतकरी, आदल्या दिवशीच मुलगी झालेली. बाळाच्या छातीत वेगळाच आवाज येत होता. इंदूरचे डॉक्टर तपासणी स्क्रीनवर बघणार होते, पण बारापर्यंतच.

"भैया, चालू होईल ना?"

"आज नाही होणार, विनोदभाऊ. फाईलच नाही."

"अरे, पण लावून तर बघा!"

त्याच्या समाधानासाठी बटण दाबलं. दिवे लुकलुकले... आणि दोन मिनिटांत सिस्टर आतून ओरडल्या, "आलं, आलं! डॉक्टरसाहेब दिसताहेत!"

मी गारच पडलो. लॅपटॉप जोडून पाहिलं. फाईल मिळाल्याची नोंद, आणि पुढे आमच्याच सर्व्हरचा पत्ता! ऑफिसला फोन लावला.

"सर्व्हर कुणी चालू केला?"

"साहेब, तो तर टेबलावर उघडा पडलाय. तुम्हीच ठेवला ना?"

बॅग उघडली. डिस्क आतच होती.

अशी आलेली फाईल लाईट गेली की पुसली जाते. आधी ती राउटरमध्ये सेव्ह केली. तेवढ्यात स्क्रीनवरचे डॉक्टर हसले, "कुछ नहीं है भाई, घर ले जाओ बच्ची को!"

विनोदने मला चक्क उचललं! तासाभरात अख्ख्या दवाखान्यात गरम मावा जिलेबी वाटली गेली. पाकाने माझा कीबोर्डसुद्धा चिकट झाला.

पुढे मी सगळी यंत्रं धुंडाळली. त्या राउटरशिवाय कुठेच ती फाईल नव्हती. दुरुस्तीवाल्यालाही डिस्कमधलं एक अक्षर वाचता आलं नाही. शेवटी विनोदला सगळं सांगितलं. तो मुलीला खांद्यावर घेऊन हसला.

"तिला घरी यायचं होतं ना... बस!"

माझ्याकडे याहून चांगलं उत्तर आजही नाही.