घरत मॅडमचे शनिवार

दर सत्रात ऑनर्सच्या वर्गाचा पहिला तास घरत मॅडम एकाच पद्धतीने घ्यायच्या. फळ्यावर एक गणित लिहायचं, हात झटकायचे आणि वर्गाकडे वळून शांतपणे म्हणायचं, "हे मला येत नाही." बारावीत चांगले गुण मिळवून आलेलो आम्ही चकित होऊन बघत राहायचो. "तुम्हालाही येत नसणार. म्हणजे आपण सगळे सारखेच. चला, बसू या." आणि खरंच त्या पहिल्या बाकावर आमच्यात येऊन बसायच्या.

पनवेलच्या आमच्या कॉलेजात ऑनर्स म्हणजे नेहमीच्या बी.एस्सी.च्या वर जादा पेपर आणि शेवटी एक प्रकल्प. मॅडम मूळच्या गव्हाणच्या, मिठागरात राबलेल्या घरातल्या. वर्गात त्यांची मराठी अगदी पुस्तकी असायची, पण कोणी उत्तर पाठ करून आलं की गावची बोली बाहेर पडायची. "पाठ केलंस ते समजलं मना. तुला समजलं काय, ते सांग."

ऑनर्सच्या मुलांसाठी एक गुणवत्ता शिष्यवृत्ती होती. दुसऱ्या वर्षी ती मला मिळाली. अट एकच, प्रत्येक सत्रात ठरलेली श्रेणी टिकवायची. आम्ही जासईला राहायचो, बाबा तिथल्याच कंटेनर यार्डात क्रेन चालवायचे. शिष्यवृत्ती आहे तोवर शीक, असं आमचं घरात ठरलं होतं. आणि नेमकी चौथ्या सत्रात मला कावीळ झाली. अंतर्गत परीक्षा बुडाली, श्रेणी घसरली. निर्णय समितीकडे गेला. समितीत घरत मॅडम होत्या, म्हणून मी निर्धास्त होते.

शिष्यवृत्ती माझ्याकडून काढून संदेशला दिली गेली. तो चिरनेरचा, माझ्याच वर्गातला. मी तडक स्टाफरूममध्ये गेले.

"मॅडम, तुम्ही एक शब्द बोलला असतात तर..."

"तर तुला मिळाली असती," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाच्या तरी शब्दावर दुसऱ्या कोणाला तरी मिळाली असती. ते तुला चाललं असतं?"

मी दार आपटून निघून आले आणि घरी सांगून टाकलं की आता ऑनर्स बंद, नोकरी बघते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम आमच्या दारात उभ्या. ओटीवर बसल्या, आईने दिलेला चहा घेतला आणि बाबांशी थेट गावच्या बोलीत बोलायला लागल्या. मला आत जायला सांगितलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही.

बाबा म्हणाले, "मॅडम, शिष्यवृत्ती नाय, मंग ऑनर्स कशाला?"

"दादा, शिष्यवृत्ती पोरीसाठी होती. पोरगी शिष्यवृत्तीसाठी नवती."

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "फीचं मी बगतो. पन बुडालेला अभ्यास?"

"शनिवारी कॉलेजात पाठवा. मी हाय."

"सोडाला कोन येनार तिला?"

"तुमी," मॅडम म्हणाल्या आणि उठल्या.

पहिल्या शनिवारी वर्गात पाहते तर मॅडमच्या शेजारी संदेश. माझे पाय दारातच थबकले. तो खाली मान घालून म्हणाला, "माज्यावर रागवू नको. मी मागाला नवतो गेलो." मॅडम म्हणाल्या, "याच्या वहीत सगळं आहे. शिकवेल तो, चुकला तर मी सांगेन." संदेश फार चुकायचा नाही. मी मात्र मुद्दाम अवघड प्रश्न विचारायचे. तो वैतागायचा नाही, डोकं खाजवत विचार करायचा. महिनाभरात माझा राग कधी विरला ते कळलं नाही.

बाबा बाहेर बाईकवर बसून राहायचे. एकदा मॅडमनी त्यांना आत बोलावलं. "उन्हात कशाला? मागं बसा." तेव्हापासून शेवटच्या बाकावर बाबा. एकदा फळ्यावर रेषेच्या उताराचं काही चाललं होतं, तर मागून आवाज आला, "ह्ये आमच्या क्रेनच्या बूमचं, त्या लांब हाताचंच हाय की." मॅडम खूश झाल्या आणि तो अख्खा शनिवार क्रेनवरच गेला. घरी जाताना बाबा शीळ घालत होते.

ऑनर्सची पदवी आम्हा दोघांनाही मिळाली. संदेश पहिला आला, मी त्याच्या पाठोपाठ. आज तो पुण्यात संशोधन करतो, मी उरणला शिकवते. मॅडम निवृत्त होऊन गव्हाणला राहतात. गेल्या महिन्यात भेटायला गेले होते. इतक्या वर्षांत न विचारलेलं त्या दिवशी विचारलं.

"समितीत माझं नाव कापताना सोपं गेलं का हो तुम्हाला?"

मॅडम परसातल्या मोगऱ्याला पाणी घालत होत्या. हात थांबला नाही.

"नाय ग. त्या दिवशी घरी आले ती जेवलेच नाय. मंग सकाळी उठून जासईला कुठली गाडी जाते ते विचारलं."

तांब्या ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या. "चल, आता जेवून जा."