बिनक्लचची गाडी

नोकरी सुटली, वर्दी पेटीत गेली, तरी ती लांब नाकाची विलायती गाडी काय माझ्या डोक्यातनं जात न्हाई. मारामाऱ्या, खून लय बगितले, त्यातलं निम्मं इसरले. ही साधी चोरीची केस. पन आजबी कुनाची गाडी दारात आली की मी आदी खाली वाकून पाय ठेवायची जागा बघती. लेक हसती. हसू दे. मी सांगती तसं ती लिवून घेती, तेवडं पुरं.

मालक पोलिसात हुते. ते गेल्यावर त्येंच्या जागंवर मला घेतलं. धाकटी अंगावर पीत हुती तवा. शिक्षन जेमतेम. बंदोबस्ताला उभं ऱ्हाऊन पाय सुजायचे, आन् ठान्यात बाईमानसाला जायला जागा न्हवती म्हनून आमी दिसभर पानीच कमी प्यायचो. सगळ्याजनींनी तसंच काढलं, मी काय येगळी न्हवं. सरता सरता सहायक फौजदार झाले. शेवटची वर्सं माण भागातल्या एका ठान्यात गेली. तिथली ही गोष्ट.

बाजारचा दिवस हुता. दुपारी एक म्हातारी ठान्यात आली, संगं पुतन्या. म्हातारीचा नवरा मिलटरीत सुभेदार हुता. सरहद्दीवर सुरुंगात त्येंचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. घरी आल्यावर त्येंनी मुंबैत शोधून शोधून एक जुनी विलायती गाडी घेतली, क्लच नसलेली. ऑटोमॅटिक. खाली दोनच पायडलं, एक रेसचं, एक ब्रेकचं. उजव्या पायानं सगळं भागतं. म्होरं उभा जन्म त्येंनी तीच चालवली. मूलबाळ न्हाई. वर्साखाली ते वारले आन् गाडी शेडात ऱ्हायली.

म्हातारी म्हनली, "मी बाजारला गेल्ते. आले तर शेड मोकळं. चावी खुंटीवर असती, ती बी न्हाई."

"कुनावर संशय?" ठाणे अंमलदारानं इचारलं.

पुतन्याच बोलला. त्याची वडापची जीप हुती, दहिवडीच्या रस्त्याला मानसं भरायचा. "संशय कसला, सरळ हाय. ती गाडी कुनाला येती? मला सुदा येत न्हाई, मी कवा बसलो बी न्हाई तिच्यात. येती ती एका शेजारच्या पोरीला. आप्पांनी, आमच्या काकांनी, तिलाच शिकवलेली."

"ती न्हाई करायची रं असलं," म्हातारी म्हनली.

"काकी, तुमी गप बसा. लाखाची चीज हाय ती. तिला माहीत हाय."

आता ती पोरगी कोन, तर आमच्याच खात्याच्या भरतीत नाव लागलेली. मैदान मारलं, लेखी पास झाली, आन् तिचे चारित्र्य पडताळणीचे कागद त्याच दिवशी आमच्या ठान्यात गोपनीयच्या टेबलावर पडलेले. दुसऱ्या दिवशी ते साताऱ्याला जायचे हुते. फिर्यादीत संशयित म्हनून तिचं नाव चढलं असतं, तर शेरा तसाच गेला असता. मग किती बी निर्दोष सुटली तरी भरती काय तिच्यासाठी थांबत न्हवती. बाप गवंड्याच्या हाताखाली, आई रोजगारानं. त्या घरात पगाराचं पयलं मानूस ती हुनार हुती.

आमचे सायब तरनं हुते, पोरगं चांगलं. मला मावशी म्हनायचे. त्येंनी सांगितलं, "मावशी, तिचा जबाब तुमी घ्या. नाव संध्याकाळपर्यंत चढवत न्हाई. पन त्याच्यापुढं माझा बी नाइलाज हाय."

पोरगी आली. रडली न्हाई, ते मला आवडलं. पन ओढनीच्या टोकाला पीळ घालत बसली हुती.

"गाडी कुनी शिकवली?"

"आप्पांनी. काकींना साताऱ्याला मिलटरीच्या दवाखान्यात न्यायला कोन तरी पायजे म्हनून."

"दुसरी कुठली गाडी येती?"

"न्हाई मॅडम. क्लच काय असतो ते मला ठाऊकच न्हाई. आप्पा म्हनायचे, डावा पाय मागं घे, सीटखाली. तुला डावा पाय न्हाईच असं समज, माझ्यावानी. पाय म्होरं आला की छडी मारायचे."

"आन् दुपारी कुठं हुतीस?"

"घरीच. एकटीच." मग तीच म्हनली, "म्हंजे साक्षीदार न्हाई ना माझ्याकडं?"

मी तिला च्या पाजला. दुसरं काय करनार.

पंचनाम्याला आमी सुभेदारांच्या अंगनात गेलो. सारवलेलं न्हवं, मुरमाचं अंगन. पंच म्हनून शेजारचे दोघं. गेटाच्या खांबाला गाडीचा हिरवा रंग लागलेला, काच पडलेली. ते सायबांनी लिवून घेतलं. मी मातूर खाली बघत हुते. मुरमात चाकं फरफटल्याच्या खुना हुत्या. एक शेडातनं वळल्यावर लगीच. दुसरी गेटाच्या अलीकडं.

"सायब, मोकळ्या अंगनात कोन एवडा ब्रेक मारतंय? आन् दोनदा?"

"घाबरलेलं मानूस, मावशी. घाईत हुनारच."

मला ते पटंना. घाईत मानूस पळवतं, थांबवत न्हाई.

माघारी म्हातारीच्या सोप्यात बसले. म्हनलं, "काकी, गाडीची किंमत कोनी केली हुती का कवा?"

"केली की. दिवाळीत सांगलीचा एक येपारी आल्ता, जुन्या गाड्या घेनारा. म्हनला, आज्जी, हीच गेरची, क्लचवाली असती तर दुप्पट दिलं असतं. ऑटोमॅटिक जुनी गाडी कोन घेत न्हाई. मी म्हनलं, मला इकायचीच न्हाई."

"तवा कोन कोन हुतं हितं?"

"मी, आन् पुतन्या. त्येनंच आनला हुता त्याला."

"पोरगी?"

"ती मैदानावर. तवा तिची पळापळ चालली हुती."

आता मला एक कोडं पडलं. आमच्या सायबांनी नुकतीच नवी गाडी घेतली हुती, ऑटोमॅटिक. तिला साध्या गाडीपेक्षा जास्ती मोजलं, हे सगळ्या ठान्याला ठाऊक हुतं. मग नव्या गाडीला बिनक्लचची महाग आन् जुन्या गाडीला तीच स्वस्त, हे कसं? मी सायबांना इचारलं.

"मावशी, रिटायर झाल्यावर गाड्यांचा धंदा टाकताय काय?"

"धंदा न्हाई वो. पन ज्यानं कुनी ती नेली, त्येनं ह्याचा इचार केला असनार. त्या येपाऱ्याला इचारू या."

ठान्याची जीप बाजाराच्या बंदोबस्ताला गेलेली. सायब म्हनले, चला माझ्याच गाडीतनं. मी म्होरं बसले, मागं दोन शिपाई. सांगलीच्या वाटंवर, इट्याच्या अलीकडं मेंढरं आडवी आली. पाक रस्ता भरून. सायबांनी गाडी हळू करायला घेतली आन् एकदम असा दणका बसला की माझं डोकं काचंपत्तूर गेलं. मागचा शिपाई सायबांच्या मानंवर. मेंढक्या बघतच ऱ्हायला.

"आवं सायब..."

सायब शरमले. "सॉरी मावशी. जीपची सवय. डावा पाय क्लच दाबायला गेला, सापडला ब्रेक. नवी गाडी आनल्यापास्नं हे तिसऱ्यांदा."

मेंढरं पलीकडं चालली हुती. मग मी सायबांकडं बगितलं आन् सायबांनी माझ्याकडं.

"अंगनात दोनदा," सायब म्हनले.

"पोरीचा डावा पाय सीटखाली असतो," मी म्हनलं. "छडीनं बसवलेली सवय हाय ती. ह्यो क्लचवाला हाय सायब. गेरच्या गाडीवर जन्म गेलेला."

"कोर्टात हे टिकायचं न्हाई."

"कोर्टाचं म्होरं बघू. तुमच्या डोक्यातनं त्या पोरीचं नाव गेलं का न्हाई, ते सांगा."

सायब हसले. गाडी हळू चालवायला लागले, डावा पाय आखडून.

सांगलीत येपारी सापडला. शेडात जुन्या गाड्या पांघरून घालून ठेवलेल्या, जशी आजारी मानसं. बोलायला मोकळा हुता.

"कसं हाय मावशी, जुन्या गाडीचा गिऱ्हाईक शौकीन असतो. त्याला स्वता गेर टाकायची मजा पायजे. आन् जुना ऑटोमॅटिक डबा, म्हंजे गेरबॉक्स, बिघडला तर दुरुस्त करनारं कोन न्हाई, सामान मिळत न्हाई. नवी गाडी मानूस हापिसला जायला घेतो, त्याला आराम पायजे. जुनी रविवारी काढतो. म्हनून गेरचीला भाव."

"म्हंजे ऑटोमॅटिक काढून गेर बसवलं की झालं?"

"तिथंच तर लोक फसत्यात," येपारी म्हनला. "कंपनीतनं गेरची आली असंल तर भाव. मागनं बसवली म्हंजे ना ही, ना ती. शौकीन मानूस खाली वाकतो, बघतो, आन् निघून जातो. परवाच एकजन फोनवर इचारत हुता. गेरची करून आनली तर दुप्पट द्याल का? मी सांगत हुतो समजावून, त्येनं ऐकूनच घेतलं न्हाई. गेर बसवनारं वर्कशॉप कुठलं, तेवडं इचारलं."

"नाव?"

"सांगितलं न्हाई. आवाज मातूर वडापवाल्यागत. लांब हाक मारल्यासारखा बोलतो."

त्यानंच सांगितलेल्या वर्कशॉपला गेलो. हिरवी गाडी चार ठोकळ्यांवर उचललेली. उजवा दिवा फुटलेला. पोटाखालचा डबा सोडवून पोत्यावर ठेवलेला. मिस्त्री म्हनला, उद्या सकाळी क्लचच्या पायडलासाठी पत्रा कापनार हुतो. ट्रकात घालून कुनीतरी आनून टाकली, आदल्या रातचं बोलनं सगळं फोनवर, आन् तो फोन आता बंद. मी खाली वाकून बगितलं. रेसच्या पायडलापाशी टाच टेकायची जागा घासून पत्रा दिसत हुता. डाव्या बाजूची चटई कोरी करकरीत. उभ्या जन्मात तिथं पायच पडलेला न्हवता.

फोनचा तपास लागायला येळ जानार हुता. पडताळणीचे कागद सकाळी जायचे. पुतन्याला रातीच ठान्यात बोलावलं. गाडी सापडली ते सांगितलं न्हाई.

मारझोड मी कवा केली न्हाई आन् सायबांना बी आवडायची न्हाई. मी त्याच्याम्होरं च्या ठेवला. बाईमानूस, त्यात म्हातारी, त्येनं मला मोजलंच न्हवतं. मी बी तसंच बोलले.

"दादा, मला एक सांगा. आमच्या सायबांनी बी नवी बिनक्लचची घेतली. लय अवघड असती म्हनं चालवायला?"

"अवघड काय त्यात बाई," तो रेलून बसला. "उलटी सोपी. गेर न्हाई, काय न्हाई. फकस्त डावा पाय बांधून ठेवायचा."

"का वो? पाय काय करतोय?"

"आवं, वर्सानुवर्सं क्लच दाबायची सवय. पाय ऐकतोय व्हय? वळलं की दाबतोय, आन् तिथं असतो ब्रेक. गाडी जागच्या जागी उडती. परत गेटापाशी तेच. तोल जातो आन् मग खांब..."

च्याचा कप हातातच.

"कुठल्या गेटापाशी, दादा?" मी इचारलं.

सायब दारात उभे हुते. त्येंनी फकस्त एवडंच म्हनलं, "दुपारी तर म्हनत हुतास, त्या गाडीत कवा बसलोच न्हाई."

त्येनं कप खाली ठेवला. मग सगळं सांगितलं. गेटाभायेर ट्रक उभा केलेला, त्यात गाडी चढवून सांगलीला धाडली. जीपचं इंजिन बसलं हुतं, नवी घ्यायची हुती. काकीला पोर न्हाई, गाडी आज ना उद्या आपलीच, असं त्याच्या डोक्यात. कागदावर सही मागनं गोडीनं घेऊ म्हनलं. आन् पोरीचं नाव का घेतलं, तर म्हनला, "ती एकटीच चालवत हुती ना. पटंल असं वाटलं." एवड्यासाठी एका पोरीचा जन्म मोडायला निघाला हुता. वाईट मानूस हुता असं बी मला वाटलं न्हाई. सोपं मिळालं ते नाव घेतलं.

सकाळी कागद साताऱ्याला गेले, निरंक शेरा मारून.

गाडी मुद्देमालातनं सुटली, डबा परत बसवला. तोच येपारी पुन्ना आला. आता म्हनतो, आज्जी, आतला डबा मूळचा, एका जवानाच्या पायापायी घेतलेली गाडी, असलं शोधनारा पुन्यात एक हाय, गेरचीपेक्षा जास्ती दील. म्हातारीनं त्याला ताक दिलं. म्हनली, "एका पायाच्या मानसाची गाडी हाय बाबा. दोन पायांवाल्याला तिचं काय कळायचं?"

ह्या केसनं मला काय शिकवलं म्हनाल, तर मी आदी मानसांच्या तोंडाकडं बघायची. डोळं बघायची, आवाज ऐकायची. तोंडाला खोटं शिकवता येतं. पायाला शिकवलेलं एकच, ते तो सोडत न्हाई. त्यानंतर जबाब घेताना मी मानसाचं काम काय, हात कशात घातलेलं, पाय कशावर टेकलेलं, ते पयलं इचारायची. लय येळा तिथंच वाट सापडली.

पोरगी ट्रेनिंगला गेली. म्हैन्याभरानं तिचा फोन आला. मावशी म्हनायला लागली हुती तवर.

"मावशी, हितं गाडी शिकवत्यात. क्लचची. उस्ताद लय वरडतोय मला."

"का गं?"

"डावा पाय म्होरं येतच न्हाई. बसलं की आपसुक सीटखाली जातोय."

"मग?"

"मग काय. उस्ताद म्हनतोय, तुला पाय हाय का न्हाई?"

हसत हुती. मग म्हनली, "आप्पा असते तर खुश झाले असते."