मंद जोडीदार

दुपारी संगणकावर ताऱ्यांच्या एका जोडीच्या प्रकाशाचा आलेख उघडला आणि मला हसू आलं. या जोडीतला पांढरा तारा शेजारच्या लाल ताऱ्याचा वायू ओढून घेतो आणि त्याच्यावरच झळाळतो मेला! त्या झगमगाटात लाल तारा दिसतच नाही. पण कधीतरी लाल ताऱ्याकडून वायू येणं थांबतं. झळाळी उतरते आणि आलेखाच्या तांबड्या टोकाला त्याच्या खुणा स्वच्छ उमटतात. आम्ही त्याच दिवसांची वाट बघत असतो.

अकरा वर्षं माझी निरीक्षणं सरांच्या नावाने छापून आली. आज ते दारात उभे.

"अगं, परवा माझं व्याख्यान आहे. हे आलेख पाठवतेस ना?"

"नाही सर. पण मी येणार आहे. पहिल्या रांगेत बसून तुमचा स्वतःचा उजेड मोजायचाय."