दाबक्यांची शेवटची पाटी

गोपाळकृष्ण दाबके उभ्या आयुष्यात सरळ बोलले नाहीत. लबाड होते म्हणून नव्हे हो! विमा कंपनीत कारकुनी केली, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण तोंड उघडलं की शब्द तिरकाच बाहेर पडायचा. जिन्यात शेजाऱ्यानं "काय दाबके, बरं आहे ना?" विचारलं, की म्हणायचे, "तुमची हरकत नसेल तर आहे." शेजारी बिचारा तीन पायऱ्या विचार करत उतरायचा.

त्यांच्या बायकोला, सत्यशीलाबाईंना, मात्र ही भाषा येत होती. त्या मागून हळूच सांगायच्या, "मनावर घेऊ नका, त्यांना तुमची काळजी वाटतेय." बाईंना दवाखान्यात नेलं तेव्हा दाबके स्ट्रेचरच्या बाजूनं चालत म्हणाले, "लवकर ये, कोथिंबीर निवडायची राहिलीय." बाईंनी त्यांचा हात थोपटला. नवरा घाबरलाय हे त्यांना कळलं होतं. त्या परत आल्या नाहीत, आणि दाबक्यांच्या बोलण्याचा अर्थ सांगणारं माणूस घरात उरलं नाही.

बोलण्याचं हे असं, तर लिहिण्याचं काय विचारता! कोथरूडच्या सोसायटीत सगळ्या पाट्या त्यांच्याच. "बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही, सावकाश चालतो." "कुंडीतली फुले देवासाठी आहेत. आपण देव असल्यास ओळखपत्र दाखवावे." लोक वाचायचे, हसायचे आणि निमूट ऐकायचेही. पाटीनं माणसं वठणीवर येतात, यावर दाबक्यांचा गायत्री मंत्राइतका विश्वास होता.

मग मुलानं, आमोदनं, त्यांना आपल्याकडे नेलं. खडकवासल्याच्या पुढे डोंगर पोखरून, घळीच्या काठाकाठानं श्रीमंतांची वसाहत वसवलेली. नाव कॅन्यन क्राउन. "पुण्यात कॅन्यन?" दाबके म्हणाले. "घळ म्हणायला लाज वाटली असेल, घळीला एवढी किंमत कोण देणार!" पण जागा होती मोठी देखणी, नाही कशाला म्हणा. पावसाळा सरत आला की समोरच्या कड्यावरून दुधासारखं पाणी पडायचं, खाली धुकं आणि वर घारी. शनिवार-रविवारी रहिवासी, त्यांचे पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे टोप्या घालून फिरायला निघायचे. पक्षी बघा, सूर्योदय बघा, दगडावर बसून डोळे मिटा. दाबक्यांना तिथे कुणी ओळखत नव्हतं. सून पूर्णिमा आणि आमोद कामाला, नात कादंबरी कॉलेजात. म्हातारा दिवसभर घारी मोजायचा.

फिरायच्या वाटेच्या टोकाला जमिनीचा एक तुकडा जिभेसारखा घळीवर बाहेर आला होता. खालून पोकळ. पोरं त्याच्या पार टोकाला जाऊन पाय सोडून बसायची. दाबक्यांनी ते एकदा पाहिलं. घरी येऊन त्यांनी पत्रा रंगवला, आणि जिभेच्या मुळाशी, कुणी पुढे जायच्या आधीच दिसावी अशी, सरळ ओळंब्यात पाटी रोवली:

"पुढे कडा आहे. खाली जाण्याचा हा सर्वात जवळचा मार्ग. परतीची सोय नाही."

काय विचारता महाराज! पंधरवड्यात पाटी गावभर झाली. पाटीबरोबर फोटो, पाटीच्या गळ्यात हात घालून फोटो. पुण्याहून, पार कात्रजहून लोक गाड्या काढून यायला लागले. आणि खरी गंमत अशी, की फोटोत पाटी आणि धबधबा दोन्ही हवे तर पाटीच्या पलीकडेच उभं राहावं लागायचं. पूर्वी चार पोरं जायची, आता जत्रा भरली. वसाहतीचा मॅनेजर अनिरुद्ध, गोड बोलणारा तरुण माणूस, त्यानं तिथे बाक टाकलं आणि त्या जागेचं नावच "परतीची सोय नाही पॉइंट" ठेवलं. लोक दाबक्यांना वाकून नमस्कार करू लागले. "पाटीवाले काका!" म्हाताऱ्याला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

गणपती उठले त्या आठवड्यात त्यांना दिसलं की पाटी कलली आहे. दरीकडे. कुणी धक्का दिला असेल म्हणून त्यांनी ती सरळ केली. दोन दिवसांनी पाहतात तर पुन्हा कललेली. म्हणून खाली वाकले, तर पाटीच्या अलीकडे, गवतात, इकडून तिकडे गेलेली भेग. त्यांनी काठी आत घातली. काठी मुठीपर्यंत गेली आणि खाली काही लागलं नाही. भेगेतून गार वारा वर येत होता.

दाबके तडक अनिरुद्धकडे गेले. आता सांगायचं काय? कडा सुटतोय, वाट बंद करा, माणसं मरतील. संपलं! पण जीभ कुणाची? म्हणाले, "अहो, कड्याला तुमच्या पाहुण्यांचा कंटाळा आलाय. तो स्वतःच खाली निघालाय."

अनिरुद्ध पोट धरून हसला. "काका, कमाल! ही पुढच्या पाटीवर टाकू."

"टाका. वाचायला खाली उतरावं लागेल," दाबके म्हणाले आणि रागानं निघून आले. घरी आमोदला सांगितलं तेही तसंच. तोही हसला, "बाबा म्हणजे बाबाच." रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही. सकाळी पाटी उपटून आणायची, एवढं मात्र ठरवलं. तेवढं तरी आधीच करायला हवं होतं. पण ती पाटी होती म्हणून त्यांना कुणी विचारत होतं, आणि आजचं उद्यावर गेलं होतं.

शनिवार होता. चहा घेताना पूर्णिमा म्हणाली, "कादू मैत्रिणीला घेऊन पॉइंटवर गेलीय. तुमच्या पाटीचा फोटो मोठा करून तुम्हाला देणार आहे. मी सांगितलं म्हणू नका हं."

दाबक्यांनी कप तसाच ठेवला. चपला उलट्यासुलट्या घालून निघाले. धुकं होतं, वाट निसरडी, आणि गुडघे म्हणत होते आम्ही येत नाही. पोचले तेव्हा मैत्रीण अलीकडे मोबाइल धरून उभी होती. कादंबरी पलीकडे. एक हात पाटीच्या खांद्यावर, पाठ दरीकडे. पाटी आता चांगलीच वाकली होती. भेगेत त्यांचा पाय मावला असता.

"कादू, इकडे ये."

"आजोबा! सरप्राइजची वाट लावली तुम्ही. एकच मिनिट हं, लाइट मस्त आहे."

"अगं कडा निघालाय."

"कुठे, कोथरूडला?" कादंबरी म्हणाली. मैत्रीण खिदळली. खालून खडे घरंगळल्याचा आवाज आला. टक, टक, मग बराच वेळ काही नाही. ओरडायला दाबक्यांनी तोंड उघडलं आणि सवयीनं जे बाहेर पडायचं तेच पडलं, "उभी राहा, उभी राहा. खाली जागा भरपूर आहे."

कादंबरी इतकी हसली की पाटी हलली. "हे रेकॉर्ड कर गं! आजोबा, यू आर द बेस्ट!"

दाबक्यांनी मागे वळून पाहिलं. अर्थ सांगणारं तिथे कोण असणार? वाट रिकामी होती. मेलं हे तोंड, त्यांना वाटलं, जळो ही जीभ! ते तिथेच चिखलात मटकन बसले. हात जोडले.

"कादू, मला भीती वाटतेय," ते म्हणाले. "मला फार भीती वाटतेय गं. ये ना माझ्याकडे."

कादंबरीचं हसू थांबलं. हे शब्द तिनं त्यांच्या तोंडून जन्मात ऐकले नव्हते. त्यांना झटका आला की काय, असं वाटून ती धावली. भेग ओलांडली आणि त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसली. "आजोबा, काय होतंय? छातीत दुखतंय का?"

तिच्या पाठीमागे पाटी सावकाश मान खाली घालत गेली. मग गवत, मग बाक. काहीच आवाज झाला नाही. आवाज नंतर आला, फार खालून, आणि मैत्रीण किंचाळायला लागली. दाबक्यांनी नातीला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि दुपारपर्यंत सोडलं नाही.

वसाहतीनं दोर बांधला, लाल झेंडे लावले. आठवडाभर लोक हळहळले. मग नवा कडा पाहायला येऊ लागले. ताजी लाल माती, तुटलेली मुळं, फोटो तर आणखी छान यायचे. अनिरुद्धनं दाबक्यांना नवी पाटी मागितली. "आता पाटी नाही," दाबके म्हणाले, आणि त्यात तिरकं काही नव्हतं.

तेव्हापासून ते रोज सकाळी प्लास्टिकची खुर्ची घेऊन वाटेवर बसतात. येईल त्याला उठून, हात जोडून सांगतात, "पुढे जाऊ नका. कडा अजून सुटतोय. मला भीती वाटते." कधी कादंबरी येऊन शेजारी बसते. काही लोक मागे फिरतात. बरेच फिरत नाहीत.

परवाच्या रविवारी एक तरुण आला, पाठीवर सॅक, हातात मोबाइल. "अरे, पाटीवाले काका ना तुम्ही? काका, काहीतरी बोला ना तुमच्या स्टाइलमध्ये!"

दाबके उठले. "बाळा, पुढे जाऊ नको. मला भीती वाटते."

"वा! परत एकदा म्हणा, व्हिडिओ घेतो." तो दोर ओलांडून पलीकडे गेला. म्हातारा पूर्ण फ्रेममध्ये येईना, म्हणून तोंड इकडे ठेवून मागे सरकू लागला.

"अरे, मागे दरी आहे! पाया पडतो तुझ्या," दाबके म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"काय ॲक्टिंग आहे काका, मानलं तुम्हाला," तो हसत म्हणाला, आणि आणखी एक पाऊल मागे गेला.