सत्काराचे नारळ

"याला आत टाका मॅडम. आत्ताच्या आत्ता."

लातूरच्या एका कोचिंग क्लासचे संचालक माझ्या टेबलासमोर उभे होते. बसा म्हटले तरी बसेनात. ‘याला’ म्हणजे त्यांच्या क्लार्कला, बालाजीला. रोज रेणापूरहून मोटारसायकलवर येणारा चाळिशीचा माणूस. तो हेल्मेट छातीशी धरून दारातच थांबला होता. मी सायबर पोलीस ठाण्यात सबइन्स्पेक्टर आहे. आमच्याकडे येणारा जो तो आधी कुणाला तरी आत टाकायला सांगतो. कशासाठी, ते मागाहून.

सकाळी बालाजीला व्हॉट्सअ‍ॅप आला होता. नंबर नवा, फोटो संचालकांचा. ‘मीटिंगमध्ये आहे, फोन करू नको. पोरांच्या सत्काराला गिफ्ट कार्ड घे, कोड पाठव.’ गिफ्ट कार्ड म्हणजे आधीच पैसे भरलेले कूपन. कोड ज्याच्या हाती, खरेदी त्याची. बालाजीने क्लासच्या खात्यातून कार्डं घेतली, कोड पाठवले. दुपारी खरेखुरे सर आले आणि म्हणाले, कसली कार्डं?

"हा त्या चोराला सामील आहे," संचालक म्हणाले. "नोकरी तर गेलीच. आता जेल बघू दे."

नोकराने मालकाच्या पैशाचा अपहार केला तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे बालाजीला कुणीतरी वाटेतच ऐकवले असावे. बोलावले तरी तो दाराच्या आत येईना.

पण अशा गुन्ह्यात नुसते पैसे गेले एवढ्याने भागत नाही. हेतू बेइमानीचा लागतो. मी त्याचा फोन घेऊन चॅट वाचली. मध्येच त्याने विचारले होते, ‘सर नारळ किती आणू?’ समोरून उत्तर होते, ‘नो कोकोनट. ओन्ली कोड.’

"हे नारळाचं काय?"

"सत्कार म्हणलं की शाल-नारळ लागतंच की मॅडम. सर नको म्हणले, पण लोकं नावं ठेवतेत. माझ्या पैशानं आणलो. ऑफिसातच हाय पोतं."

कॉन्स्टेबल पाठवून बघितले. पोते होते, शालीही होत्या. मी संचालकांना विचारले, "सत्कार होणारच नाही हे ज्याला माहीत आहे, तो स्वतःच्या खिशातून नारळ आणेल?"

"तरी एक फोन करायला काय झालं होतं याला?"

"मीटिंगमध्ये फोन केला तर काय होतं?" मी बालाजीला विचारले.

त्याने आधी संचालकांकडे बघितले. मग म्हणाला, "लई बोलतेत. मागं एकदा सगळ्या पोरांसमोर बोलले."

खरे सांगते, मला संचालकांचा राग आला. संचालक तेव्हा कुठे खुर्चीत बसले.

एफआयआर अनोळखी इसमावर झाला. फसवणूक, तोतयेगिरी म्हणजे दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे, आणि आयटी अ‍ॅक्ट. लोक अजून चारशेवीसच म्हणतात, नव्या संहितेत ते कलम ३१८ झाले आहे. बालाजी आरोपी नाही, साक्षीदार. तक्रार लगेच गेली म्हणून न वापरलेली कार्डं कंपनीने गोठवली. बाकीची गेली ती गेली. सिम परराज्यातल्या एका मजुराच्या नावावर निघाले. वापरणारा अजून सापडलेला नाही. बालाजीची नोकरी राहिली.

पुढे त्याचा पुरवणी जबाब घ्यायचा होता. मी मेसेज टाकला, उद्या ठाण्यात या. आला नाही. बघते तर माझा नंबर ब्लॉक. शेवटी ठाण्याच्या फोनवरून लावला.

"मेसेज मिळाला नाही का?"

"मिळाला की. फोटो बी तुमचाच होता, वर्दीतला. म्हणूनच ब्लॉक केलो."

"अहो, मीच बोलतेय!"

"तसं चोरबी म्हणला असता मॅडम. तुम्ही ठेवा. मी ठाण्याचा नंबर काढून लावतो."

मी ठेवला. थोड्या वेळाने घंटा वाजली आणि मी माझे नाव, हुद्दा सगळे सांगितले. साहेबाला उलटा फोन लावायला भिऊ नये, असे कुठल्याच कलमात लिहिलेले नाही. असते तर मला हा एफआयआर लिहावाच लागला नसता.