पाणी हललं नाही म्हणून घेतलेली गादी

पेलाभर पाणी सांडलं नाही, एवढ्या एका कारणावरून मी गादी घेतली. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे मला कोणी शहाणी म्हणायची भानगड नको.

तेव्हा मी सहासष्ट वर्षांची होते. सहासष्ट म्हणजे काही पोक्त वय नव्हे. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती बाई मला अगदी कालची पोर वाटते. केस काळे करायची, लिफ्टच्या आरशात स्वतःला न्याहाळायची, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं असं तिचं ठाम मत होतं.

ती आठवायचं कारण म्हणजे नातीचा फोन. नोकरी लागली म्हणून तिने नोएडात घर भाड्याने घेतलंय. "आजी, मॅट्रेस घ्यायचीय. मेमरी फोम की स्प्रिंग? तू तर एक्स्पर्ट आहेस ना यार." नात मला यार म्हणते आणि मला ते आवडतं. मी म्हटलं, "रविवारी सांगते." फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले. एक्स्पर्ट आहे खरी. दोन्ही प्रकार घरात आणून बसलेली एक्स्पर्ट.

आमची मूळची गादी कापसाची. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली. तिथे दर वर्षी दिवाळीच्या आधी पिंजारी यायचा, खाली गवतावर बसून कापूस पिंजायचा, आणि थंडीपुरती गादी पुन्हा गुबगुबीत व्हायची. आमचे हे निवृत्त झाल्यावर फरीदाबादच्या फ्लॅटमध्ये आलो. इथे सोसायटीच्या गेटातून पिंजाऱ्याला कोण आत सोडणार? दहा वर्षांत गादीत गोळे झाले आणि माझी कंबर धरली. हाडांच्या डॉक्टरांनी गादी बदलायला सांगितली. म्हणजे मुळात नवी गादी हवी होती ती मला. सोसायटीत मात्र मी सांगत सुटले की ह्यांना आराम पडावा म्हणून घेतोय. तसं म्हटलं की बायका "किती करता हो" म्हणतात.

मथुरा रोडवरच्या एका मोठ्या दुकानात गेलो. शेजारी शेजारी दोन पलंग मांडलेले. एकावर स्प्रिंगची गादी, दुसऱ्यावर मेमरी फोमची. टाय लावलेल्या विक्रेत्याने स्प्रिंगच्या गादीवर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला आणि पलीकडच्या बाजूला धपकन बसला. पेला आडवा, चादर ओली. मग तोच पेला पुन्हा भरून फोमवर ठेवला. हा पुन्हा धपकन. पेला जागचा हलला नाही.

"देखा आंटीजी? अंकलजी रातभर करवट बदलते रहें, आपको पता भी नहीं चलेगा."

मी टाळ्या वाजवायचीच बाकी होते. कारण गेलं वर्षभर ह्यांची बिछान्यात चुळबुळ वाढली होती आणि माझी झोप आधीच सावध. पाण्याने भरलेला पेला अंथरुणात घेऊन झोपायची चाल आमच्या दोघांच्याही घराण्यांत सात पिढ्यांत नव्हती, हे काही त्या सहासष्ट वर्षांच्या बाईच्या डोक्यात आलं नाही.

मी साडी सावरत फोमवर आडवी झाले. दुकानाच्या एसीत, त्या मऊ खड्ड्यात, आणखी पाच मिनिटं मिळती तर घोरले असते.

हे मात्र आडवे व्हायला तयार होईनात. फोमच्या काठावर बसले, तळव्याने दाबून पाहिलं, उशाची फळी धरून सावकाश उठले. मग स्प्रिंगवर बसले, उठले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. "ही बरी आहे. उठता येतं."

"आपण झोपायला गादी घेतोय की उठायला?" मी म्हणाले.

"अंकलजी, एक बार लेट के तो देखिए," विक्रेता म्हणाला.

"नहीं, नहीं. रहने दीजिए."

मला चेव चढला. "अहो, लाजता काय नव्या नवरीसारखे? शेजारी लग्नाचीच बायको आहे!" आणि विनोद वाया जाऊ नये म्हणून तो हिंदीत करूनही सांगितला. दुकानातली सगळी माणसं हसली. हेही हसले. हसताना त्यांनी उजवा हात पँटच्या खिशात घातला. त्या दिवसांत खिशात हात घालून उभं राहायची त्यांना सवय लागली होती. मला वाटायचं, जन्मभर कारकुनी केली, आता साहेब व्हायची हौस आलीय.

फोम घरी आला. त्याची मी इतकी जाहिरात केली की आमच्या जिन्यावरच्या दोन घरांनी तीच गादी घेतली. "आम्ही दोघांनी बघून, झोपून, पारखून घेतली" असं मी सांगायचे. हे बाजूला बसलेले असायचे. खोडून काढणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मे महिन्यात म्हणाले, "जरा गरम होते गं ही." मी म्हणाले, "मे आहे, फरीदाबाद आहे, गादी बिचारी काय करील?" थंडी आली तशी गादी फळीसारखी कडक होऊ लागली. आडवं झालं की अंगाच्या उबेने सावकाश मऊ पडायची आणि माणूस हळूहळू आत जायचा. सकाळी पाहावं तर माझा खड्डा वेगळा, ह्यांचा खड्डा वेगळा, मध्ये शेताच्या बांधासारखा उंचवटा. मला तो माझा खड्डा फार प्रिय होता. कंबर दुखायची थांबली. सलग सात-सात तास झोपायला लागले. लग्नानंतर अशी झोप मला ठाऊक नव्हती.

आमच्या घरी सकाळचा चहा पहिल्यापासून ह्यांचा. क्वार्टरमध्ये असल्यापासून मला चहाच्या वासाने जाग यायची. त्या थंडीत ते बंद पडलं. मीच उठून चहा करायचे आणि स्वयंपाकघरातून हाका मारायचे. हे येईपर्यंत चहावर साय धरलेली. "गादीची चटक लागलीय तुम्हाला," मी म्हणायचे, आणि त्यातही मला गादीचंच कौतुक. आणखी एक नवं खूळ त्यांनी काढलं होतं. पलंगाशेजारच्या खिडकीच्या गजाला मफलर बांधून ठेवायचा. मी तो सोडला, धुतला, घडी घालून कपाटात ठेवला. चार दिवसांनी पुन्हा गजाला. पुन्हा सोडला. "दोरीवर जागा नाही का घरात? गजाला कोण मफलर वाळत घालतं?" त्यावर त्यांनी "असू दे" एवढंच म्हटलं, आणि तिसऱ्यांदा बांधला तेव्हा मी नाद सोडला.

फेब्रुवारीत हाताचा थरथराट खिशात मावेना झाला, तेव्हा कुठे आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. कंपवात, डॉक्टर म्हणाले. बराच आधीपासून असणार. गोळ्या सुरू झाल्या आणि व्यायाम करून घ्यायला घरी एक फिजिओथेरपिस्ट यायला लागली. हरियाणाची, खणखणीत आवाजाची, पोरीच्या वयाची बाई. पहिल्याच दिवशी सकाळी तिने सांगितलं, "अंकलजी, अपने बिस्तर पर लेट के दिखाओ, रोज कैसे उठते हो."

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "तू चहा टाक ना."

"चहा होईल," मी म्हणाले आणि तिथेच उभी राहिले. मला वाटलं, लाजतात.

ते आडवे झाले. मग डावा हात मागे नेऊन चाचपडत मफलर धरला, मनगटाला एक वेढा दिला आणि ओढायला लागले. खांदा उचलला गेला, कंबर खड्ड्यातच. परत खाली. पुन्हा ओढलं. परत खाली. तिसऱ्या वेळी कसेबसे कुशीवर आले, मग पाय एकेक करून पलंगाखाली सोडले आणि बसले. फेब्रुवारीच्या गारठ्यात कपाळावर घाम. त्यांनी आमच्यापैकी कोणाकडेच पाहिलं नाही. मनगटावरचा वेढा तेवढा नीट सोडवला.

"ये किसने सिखाया?"

"किसी ने नहीं जी. अपना ही है."

"और रात में करवट कैसे लेते हो?"

"नहीं लेता."

हातभर अंतरावर मी झोपत होते. कपाटातून त्यांनी तो मफलर दोनदा शोधून काढला असणार, माझ्या साड्यांच्या घड्या न विस्कटता.

तिने गादीत मूठ दाबून पाहिली. "आंटीजी, इसमें तो मैं भी न पलट पाऊँ. ये गद्दा किसने पसंद किया?"

मी म्हणाले, "हमने."

बघा, तेव्हासुद्धा हमने.

ती गेल्यावर मी पोहे पुढे ठेवले आणि विचारलं, "दुकानात आडवे का नाही झालात? तेव्हाच कळलं असतं ना."

"आडवा झालो असतो तर उठलो नसतो गं. मग त्या सगळ्या माणसांत तू आणि तो टायवाला मला धरून उभं करणार."

"मग मला सांगायचं!"

"तिथे? सगळ्यांसमोर?" त्यांनी पोह्यांतला शेंगदाणा उचलायचा प्रयत्न केला. तो दोनदा निसटला. मी दुसरीकडे बघितलं.

आठवड्याच्या आत स्प्रिंगची गादी आली. फोमची गादी पाहुण्यांच्या खोलीत भिंतीला उभी केली. स्प्रिंगवर ते स्वतःचे स्वतः उठले तो एक उन्हाळा आणि त्यानंतरचा पावसाळा. त्या काळात सकाळचा चहाही पुन्हा काही दिवस त्यांच्या हातचा प्यायले, अर्धा कप बशीत, अर्धा ओट्यावर. दिवाळीनंतर तेही जमेना. मग दवाखान्यातल्यासारखा कळ फिरवायचा पलंग आला, सांभाळायला बाई आली. दोन वर्षांपूर्वी ते गेले. डॉक्टरांनी मला दोन-तीनदा समजावलं की गादीने कंपवात वाढत नसतो, तो आपल्या चालीने चालतो. मला पटतं ते. पण एकट्याने कुशीवर वळता येईल असे दिवस त्यांच्याकडे मोजकेच उरले होते, आणि त्यातले मे ते फेब्रुवारी मी त्या खड्ड्यात घालवले, हे कोणत्या डॉक्टरला विचारायचं?

नातीला मी काय सांगणार? दोन्हींवर जाऊन झोप म्हणेन. आणि दुकानात मुळीच लाजू नकोस.

स्प्रिंगची गादी आली ती दुपार मात्र रोज आठवते. माणसं ती पलंगावर टाकून गेली. वरचं प्लास्टिकही काढलं नव्हतं. हे काठावर बसले आणि उठले. पुन्हा बसले आणि उठले. प्लास्टिक चुरचुरत होतं, ह्यांचा चेहरा शाळा सुटल्यासारखा झाला होता. मी दारात उभी राहून भांडायला लागले. मला रडू आलं की मी भांडते, ती खोड जुनीच आहे.

"दहा महिने मी रोज सकाळी विचारत होते तुम्हाला. रोज! आणि रोज तुम्ही 'हो' म्हणत होतात. इतकं धडधडीत खोटं?"

ते पुन्हा बसले. यावेळी उठले नाहीत. प्लास्टिकवरून हात फिरवत म्हणाले, "खोटं कुठे बोललो गं? तू विचारायचीस, 'छान झोप लागली ना?' मला वाटायचं, तू तुझंच सांगतेयस. आणि तुझी लागायचीच की. मी बघत असायचो ना."