दोन्ही बाह्या उजव्या

ऐंशीच्या दशकात मी पांढुर्ण्याच्या एका मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. आठवीतल्या एका मुलीचा कात्रीवर हात फार छान बसला होता. मैत्रिणी आपलं कापड तिच्याकडूनच कापून घ्यायच्या. एकदा सावरगावच्या मैत्रिणीने धाकट्या बहिणीच्या फ्रॉकच्या बाह्या कापायला तिला कापड दिलं. मामाचं लग्न तोंडावर आलं होतं.

तासाच्या शेवटी मैत्रिणीने बाह्या मागितल्या, तर ही म्हणाली, "कापडच कमी पडलं."

कापड मीच मोजलं होतं, भरपूर होतं. पण सगळ्यांदेखत मी विषय वाढवला नाही. वर्ग रिकामा झाल्यावर ती एकटीच मागे रेंगाळली. शेवटी तिने दप्तरातून दोन बाह्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. दोन्ही उजव्या हाताच्या. छापील कापड, त्यामुळे एक उलटवून डावी करताही येईना.

"आता मी तिच्या घरच्यायले काय सांगू, बाई?"

"जे झालं ते."

"तुमीच सांगा नं. तुमचं ऐकतीन ते."

तिचे डोळे भरून आले होते. 'बरं, सांगते' असं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. पण म्हटलं, "मी सोबत येते. सांगायचं तूच."

शाळा सुटल्यावर मैत्रिणीलाही घेऊन आम्ही जाम नदी ओलांडून सावरगावला गेलो. मैत्रिणीची आई अंगणात तूर पाखडत होती. मला पाहून सूप ठेवून उठली. मुलगी माझ्या मागेच उभी. मी बाजूला झाले.

"काकू, माह्या हातून बाह्या चुकल्या. कापड कमी नोतं. मी खोटं बोलली."

तेव्हा मला जाणवलं, अजून एक कबुली राहिली आहे.

"कापायच्या आधी खडूच्या खुणा तपासायचं काम माझं होतं," मी म्हणाले. "मी हजेरीचं रजिस्टर भरत बसले."

मुलीने चमकून माझ्याकडे पाहिलं.

त्या माउलीने बाह्या हातात घेतल्या, एकमेकींवर ठेवून पाहिल्या आणि खुदकन हसली. "दोनी उजव्याच! माह्या पोरीले डावा हात नाई काय?" मग तिलाच विचारलं, "आता काय करतं सांग."

मुलीने नाक पुसलं, थोडा विचार केला. "खालून कापून फुग्याच्या बाह्या होतीन, काकू. त्याले उजवं-डावं लागत नाई."

"मंग कर. मी पाहून राहिली."

ओसरीवर बसून तिने खुणा केल्या आणि कात्री चालवण्याआधी मला त्या दाखवल्या. मी नीट तपासल्या, मान हलवली. मैत्रीण रुसून दाराशी उभी होती, ती हळूच येऊन कापडाचं टोक धरून बसली.

लग्न झाल्यावर त्या माउलीने लेकीसोबत शाळेत एक ब्लाउजपीस पाठवला. निरोप होता, "बाईले नको, त्या पोरीलेच कापाले द्या."